स्लिम सीपीयूत ग्राफिक्स कार्ड : लालबागच्या एका मशीनचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस अगदी भरात असताना, लालबागच्या एक ताई परळला माझ्या दुकानात आल्या. सीपीयू सोबत नव्हता. फोनवर एका ग्राफिक्स कार्डाचा फोटो होता.

"दादा, हे माझ्या मशीनला लागेल ना? विकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

फोटोतलं कार्ड जीटीएक्स १६५०, दोन पंख्यांचं, सेकंडहँड. मशीन म्हणजे दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला रिफर्बिश्ड स्लिम डेस्कटॉप. आठव्या पिढीचा आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. अशी मशीनं मोठ्या ऑफिसांतून दर तीन-चार वर्षांनी गठ्ठ्याने बाहेर पडतात. ती दणकट असतात, स्वस्त मिळतात आणि मुंबईच्या घरात मावतात. ताईंची खोली दहा बाय बाराची, माणसं चार. टीव्हीच्या कपाटाचा खालचा कप्पा एवढीच सीपीयूची जागा. मोठं कॅबिनेट घ्या असा सल्ला त्यांना तीन जणांनी दिला होता. ते ठेवायचं कुठे, हे एकानेही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना एवढंच म्हणालो, "ताई, विकणाऱ्याला आज नाही म्हणा. मशीन घेऊन या, नाहीतर मी घरी येतो. फोटोवरून हो म्हणालो तर तुमचे पैसे जातील."

कार्ड गेलं तर गेलं, असं मी म्हटलं खरं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची घाई मला कळत होती. त्या लग्नांचे आणि उत्सवांचे व्हिडिओ एडिट करतात. गणपतीआधीचे काही आठवडे आगमन सोहळ्यांचे. शनिवार-रविवारी मूर्ती कार्यशाळेतून निघते, ढोल-ताशा, हजारो माणसं, आणि मंडळाला व्हिडिओ त्याच रात्री हवा असतो. दुसऱ्या दिवशी दिला तर त्याला विचारत नाही कोणी. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं फोरके फुटेज टाकलं की टाइमलाइन अडखळायची. अकरा मिनिटांचा व्हिडिओ बाहेर काढायला बावन्न मिनिटं लागत होती. मंडळाची मुलं तोवर खाली जिन्यात उभी.

मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

आधी रॅम

कार्डाची गोष्ट काढण्याआधी मी सीपीयूचं झाकण उघडून रॅम बघितली. आठ जीबीची एकच पट्टी. वेगळं कार्ड नसतं तेव्हा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि एकाच पट्टीवर त्याला निम्मी वाट मिळते. शिवाय प्रीमियरला आठ जीबी मुळातच अपुरी. माझ्याकडे तशीच दुसरी आठची पट्टी होती, ती लावली. तोच व्हिडिओ पुन्हा काढला : चव्वेचाळीस मिनिटं. आठ मिनिटं वाचली. फार नाही, पण कार्ड घेतल्यावरही ही पट्टी लागणारच होती, म्हणून तो खर्च वाया नव्हता. टाइमलाइनचं अडखळणं मात्र तसंच राहिलं. आता कार्डाचा विचार करायला अर्थ होता.

उंची आणि जाडी

स्लिम मशीनमध्ये पहिला अडसर उंचीचा. नेहमीच्या कार्डाची उंची सुमारे १११ मिलिमीटर असते. लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या कार्डाची ६९ च्या आत. कार्ड कॅबिनेटला धरून ठेवणारा मागचा पत्राही वेगळा, नेहमीचा १२० मिलिमीटरचा, लो प्रोफाइलचा ७९. ताईंच्या सीपीयूची एकूण जाडीच साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. फोटोतलं कार्ड तिथेच बाद झालं. झाकणच लागलं नसतं.

"पण दादा, १६५० लो प्रोफाइलमध्येपण येतं ना? मी बघितलंय."

बरोबर होतं त्यांचं. येतं. आणि बहुतेक जण इथेच फसतात. 'लो प्रोफाइल' हा शब्द फक्त उंचीबद्दल बोलतो, जाडीबद्दल काहीच सांगत नाही. लो प्रोफाइल १६५० ला सहसा दोन स्लॉटची (मदरबोर्डवर कार्ड खोचायच्या खाचांची) जागा लागते, कारण उष्णता काढणारा हीटसिंक आणि पंखे जाड असतात. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर असतं. म्हणजे दोन स्लॉटच्या कार्डाला शेजारी जवळपास चार सेंटिमीटर मोकळी जागा पाहिजे.

तोंडी सांगून हे पटत नाही, म्हणून मी ताईंकडे जाड पुठ्ठा मागितला. त्यांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून दिला. ज्यांची लग्नं त्यांनी एडिट केली, त्यांच्या पत्रिका त्या जपून ठेवतात. त्यातल्या छापायला बिघडलेल्या दोन जाड पत्रिका मी घेतल्या आणि १५६ बाय ६९ मिलिमीटरचे तुकडे कापले. ही लांबी-उंची एका स्लॉटच्या लहान वर्कस्टेशन कार्डांची. मग त्याच मापाचे आणखी तुकडे एकावर एक चिकटवून एक ठोकळा केला, दोन स्लॉटच्या जाडीचा.

आत लांब दिसणारे स्लॉट दोन होते. पहिला एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला लागून, दुसरा त्याच्या आतल्या बाजूला, प्रोसेसरकडे. लांबीला दोन्ही सारखेच. मी टॉर्च मारून ताईंना आत बघायला सांगितलं. पहिल्या स्लॉटमध्ये पितळी पिना या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेल्या. दुसऱ्यात निम्म्याहून कमी भागात पिना, पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक. लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा. तो स्लॉट दिसायला सोळा लेनचा, चालायला चार लेनचा. दुकानात कोणी "दोन ग्राफिक्स स्लॉट आहेत" म्हणालं तर टॉर्चने पिना मोजाव्यात.

पातळ पुठ्ठा पहिल्या स्लॉटमध्ये नीट बसला. समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत बोटभर जागा उरली, म्हणजे लांबीचा प्रश्न नव्हता. ठोकळा पहिल्या स्लॉटमध्ये गेलाच नाही, एसएमपीएसच्या पत्र्यावर आपटला. दुसऱ्या स्लॉटमध्ये बसला, पण पहिला स्लॉट झाकून. म्हणजे जाड कार्ड घ्यायचं तर ते चार लेनच्या स्लॉटवरच चालवावं लागणार.

ताईंनी तो ठोकळा हातात घेऊन दोनदा स्वतः घालून बघितला. मग म्हणाल्या, "समजलं."

वीज : इथे घाई केली तर जळतं

एसएमपीएसवरचं लेबल वाचलं. १८० वॅट. ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनांची वायर नाही. मदरबोर्डला जाणारं कनेक्टरही बाजारातल्या नेहमीच्या चोवीस पिनांचं नाही, कंपनीचं स्वतःचं. म्हणजे मोठा एसएमपीएस आणून बसवायचा मार्गही बंद. तो आत मावणार नाही, आणि मावला तरी जुळणार नाही.

ताईंना बाजारात कोणीतरी एक उपाय सुचवला होता : हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरवरून सहा पिनांचं कनेक्टर काढणारा छोटा जोड. तो फार थोड्या पैशांत मिळतो, त्यामुळे मोह होतो. मी त्यांना गणित कागदावर करून दाखवलं. साटा पॉवरच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. सहा पिनांच्या कनेक्टरवरून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. उरलेला भार त्या बारीक पिना तापवतो. वितळलेलं साटाचं टोक मी माझ्या टेबलावर एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. चाळीतल्या लाकडी कपाटात, शेजारी कपडे, वर पोटमाळा, अशा ठिकाणी मी तो जोड कोणालाही लावू देणार नाही. या एका मुद्द्यावर मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तर कार्ड असं हवं होतं जे फक्त स्लॉटवरून मिळणाऱ्या विजेवर चालेल. पुस्तकी नियमाने सोळा लेनचा ग्राफिक्स स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. सगळे हाच आकडा सांगतात. पण ऑफिसच्या स्लिम मशीनमध्ये कंपन्या अनेकदा त्याहून कमी मर्यादा घालतात, आणि ती लिहिलेली असते फक्त त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये. सीपीयूच्या मागच्या स्टिकरवरून सिरियल नंबर घेतला, कंपनीच्या संकेतस्थळावरून मॅन्युअल उतरवून घेतलं. विस्तार कार्डांच्या तक्त्यात पहिल्या स्लॉटसमोर ५० वॅट, दुसऱ्यासमोर २५ वॅट. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा निकाल त्या एका ओळीत होता. जाड लो प्रोफाइल कार्ड ज्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बसत होतं, तिथे वीजच २५ वॅट.

तरीही एकूण भार मोजायचा होता. प्लगला लावायचं वॅटमीटर माझ्या पिशवीत असतं. मशीन शांत असताना २४ वॅट. प्रीमियरमधून व्हिडिओ काढताना, सगळे सहा कोअर चालू असताना, ९३. भिंतीवरचा हा आकडा एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून असतो, म्हणजे आतला खरा भार त्याहून कमी. ५० वॅटचं कार्ड धरलं तरी १८० मध्ये सहज मावत होतं. ७५ वॅटचं धरलं तर कागदावर मावत होतं, पण जुन्या एसएमपीएसला मी त्याच्या कमाल आकड्याजवळ चालवत नाही. या मशीनची पहिली तीन-चार वर्षं कुठल्यातरी ऑफिसात गेलीत, आणि मुंबईच्या दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही, थापी होऊन बसते.

कोणतं कार्ड

आता निकष ठरले : लो प्रोफाइल, एकाच स्लॉटचं, वेगळी वायर न मागणारं, ५० वॅटच्या आत, आणि प्रीमियरच्या उपयोगाचं. बजेट पंधरा हजार.

१६५० आणि १०५० टीआय ७५ वॅटची, लो प्रोफाइलमध्ये दोन स्लॉटची. गेली. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ७० वॅटचं, वेगळी वायर मागत नाही, लो प्रोफाइलमध्ये मिळतं, पण तेही सहसा जाडच. आरटीएक्स ए२००० चीही तीच गत, शिवाय किंमत आवाक्याबाहेर.

रेडिऑन आरएक्स ६४०० वर मी थोडा थांबलो, कारण ते एका स्लॉटचं लो प्रोफाइल मिळतं आणि स्लिम मशीनवाले हमखास तेच सुचवतात. त्याची वीज ५३ वॅट. मर्यादेपेक्षा तीन वॅट जास्त. तीन वॅटने आग लागत नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या दोन गोष्टी होत्या. ते कार्ड चारच लेन वापरतं आणि चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे स्लॉटच्या जोडणीवर, पूर्ण वेग देतं. ताईंचा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, तिथे ती वाट निम्मी होते. आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ फाइल बनवणारा खास भाग, नाही. हा दोष प्रोसेसरमधलं इंटेलचं क्विक सिंक (त्याचा स्वतःचा एन्कोडर) भरून काढू शकतं, म्हणून एवढ्यासाठी मी ते नाकारलं नसतं. पण व्हिडिओच्या कामासाठी पैसे टाकायचे आणि व्हिडिओ बाहेर काढायला पुन्हा जुन्याच ग्राफिक्सकडे जायचं, हे मला पटेना.

इंटेलचं आर्क ए३१० कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींच्या) बाबतीत उत्तम. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगतं. इथे आठवी. जीटी १०३० फक्त ३० वॅटचं, कुठेही बसतं, पण २ जीबी मेमरी आणि एन्कोडर नाही. (शिवाय त्याचं डीडीआर४ मेमरीचं एक रूप आहे, नाव तेच, मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांश. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.)

उरली वर्कस्टेशनची लहान कार्डं. क्वाड्रो पी१००० : ४७ वॅट, ४ जीबी, सेकंडहँड बाजारात भरपूर, स्वस्त. मी तेच सांगणार होतो. पण ते पास्कल पिढीचं, आणि त्या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, असं एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलंय. प्रीमियरची नवी आवृत्ती नवा ड्रायव्हर मागते. ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांना मी आत्ता पास्कल देणार नाही. पुढच्या ट्युरिंग पिढीत टी४००, टी६०० आणि टी१००० ही तीन कार्डं याच मापाची, एका स्लॉटची. टी१००० बरोबर ५० वॅट, टी६०० ४० वॅट. टी६०० मध्ये ४ जीबी मेमरी, ६४० क्युडा कोअर (एनव्हिडियाचे गणन करणारे कोअर), एन्कोडर आहे. टी१००० ताईंच्या बजेटबाहेर होतं. दहा वॅटची मोकळीक ठेवणारं टी६०० मला तसंही जास्त योग्य वाटलं.

लॅमिंग्टन रोड

मंगळवारी आम्ही दोघं ग्रँट रोडला उतरून गेलो. कागदावर डॉ. भडकमकर मार्ग, पण संगणकवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. पहिल्या दुकानात शेठनी लो प्रोफाइल १६५० काढून ठेवलं. "स्लिमला हेच लागतं, डोळे झाकून घ्या." मी काही बोलायच्या आत ताईंनी पर्समधून ठोकळा काढून त्यांच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "शेठ, हा नाही बसला आत." शेठनी ठोकळा कार्डाशेजारी धरून बघितला आणि कार्ड परत खोक्यात घातलं.

चौथ्या दुकानात टी६०० मिळालं, एखाद्या ऑफिसातून निघालेलं, पंधरा दिवसांच्या टेस्टिंग वॉरंटीवर. पण त्याला उंच पत्रा लावलेला होता. कंपनी नवं कार्ड देताना छोटा पत्रा सोबत देते, सेकंडहँडमध्ये तो हरवलेला असतो. "पत्र्याशिवाय लावा, काय होतंय," असं दुकानातला मुलगा म्हणाला. होतं काय, तर मागून केबल ओढली गेली की कार्ड स्लॉटमध्ये तिरकं होतं. आडव्या ठेवलेल्या सीपीयूत एकवेळ निभावेल, पण हा सीपीयू कपाटात उभा, आणि घरात लहान मुलगा. मी पत्रा मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत म्हणालो. मुलाने मागच्या खोलीतून पत्र्यांचं एक खोकं आणलं, आम्ही तिघांनी मिळून अर्धा तास शोधलं. चार मिनी डिस्प्लेपोर्टची भोकं जुळणारा छोटा पत्रा तळाशी निघाला. बिल पक्कं घेतलं, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घेतला. मिनी डिस्प्लेपोर्टची एचडीएमआय केबल शेजारच्याच दुकानातून, कारण ताईंच्या मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच आहे.

बसवताना

कार्ड पाच मिनिटांत बसलं. मशीन चालू केल्यावर मॉनिटर काळाच. ताईंचा जीव वर-खाली झाला. केबल सवयीने मदरबोर्डच्या पोर्टमध्ये गेली होती. कार्ड लावल्यावर ही मशीनं आपोआप आतलं ग्राफिक्स बंद करतात. केबल कार्डाला लावली, चित्र आलं. मग बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मल्टी डिस्प्लेचा पर्याय चालू केला, म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही जागं राहील आणि क्विक सिंक वापरता येईल. बायॉसची आवृत्ती मी रविवारीच नवी करून ठेवली होती, कार्ड येण्याआधी. ते काम आधी करावं, म्हणजे नंतर काही अडलं तर दोष कार्डाचा की बायॉसचा, हा गोंधळ होत नाही.

जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बसचा रकाना बघितला : सोळा लेन, तिसरी पिढी. तिथे १.१ दिसलं तर घाबरू नये, कार्ड शांत असताना वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावरून छोटी चाचणी चालवली की खरा आकडा येतो. लेन मात्र सोळाच दिसायला हव्यात.

तोच अकरा मिनिटांचा व्हिडिओ, प्रीमियरमध्ये क्युडा आणि हार्डवेअर एन्कोडिंग चालू करून : सतरा मिनिटं. वॅटमीटरवर सगळ्यात मोठा आकडा १३६. टाइमलाइन एका कॅमेऱ्याच्या फोरकेवर सरळ चालली. तीन कॅमेरे एकावर एक ठेवले की पुन्हा अडखळली. तिथे ४ जीबी मेमरीची हद्द दिसते, म्हणून अशा कामांना प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवायची सवय ताईंना लावून दिली.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती, ती पहिल्याच शनिवारी कळली. रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, पंखा विमानासारखा वाजतोय." कार्डाचं तापमान ८७. आधीच्या सगळ्या चाचण्या मी झाकण उघडं ठेवून, खिडकीपाशी केल्या होत्या. रात्री सीपीयू कपाटाच्या कप्प्यात, मागे प्लायवूड, पुढे अर्धवट दार. गरम हवेला जायला जागाच नव्हती. चूक माझी होती. जागा मी बघितली होती, पण तिथे मशीन चालवून बघितलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी दार काढून टेबलफॅन समोर लावला आणि व्हिडिओ वेळेत दिला. सोमवारी सुतार बोलावून कप्प्याच्या मागच्या प्लायला हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं, सीपीयू भिंतीपासून चार बोटं पुढे घेतला. आता पूर्ण कामात तापमान ७६ ते ७८ वर थांबतं, तेही पावसाळ्यातल्या बंद खोलीत. मे महिन्यात पुन्हा जाऊन मोजायचं आमचं ठरलंय.

लग्नपत्रिकांचा ठोकळा ताईंनी मला देऊन टाकला. तो दुकानात काउंटरवरच असतो. स्लिम सीपीयू घेऊन कोणी कार्डाचं विचारलं की आधी झाकण उघडून तोच आत घालून बघतो.